हवामान बदल नेमका काय आहे हे सामान्य माणसाला कसं समजेल, आणि आपण एकट्याने काय करू शकतो?

समजायचं काय त्यात, नारळ-सुपारीची वाडी वादळात आडवी झाली की समजतं.

रागावू नका, प्रश्न चांगला आहे, पण माझ्या दुखऱ्या जागेवर बोट पडलं म्हणून लिहायला बसलोय. कार्बन डायऑक्साइड, हरितगृह वायू वगैरे शाळेत झालेलं असतं, ते परत सांगत नाही. शाळेत एक गोष्ट नीट सांगत नाहीत ती म्हणजे ही जी जास्तीची उष्णता साठतेय त्यातली 90 टक्क्यांहून जास्त समुद्र गिळतो. आपण एप्रिलमध्ये उकडतंय उकडतंय म्हणून बोंबलतो ते उरलेल्यावर. आणि समुद्राचं वरचं पाणी साधारण 26-27 अंशांच्या पुढे गेलं की ते वादळाचं खाद्य. अरबी समुद्र आपला त्या मानाने शांत होता, वादळं जायची बंगालच्या उपसागरात. आता पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या लोकांनी 1982 ते 2019 चा हिशोब मांडला तर अलीकडच्या वीसेक वर्षांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीपेक्षा 52 टक्क्यांनी वाढलेली निघाली. 2019 या एका वर्षात पाच झाली.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरपासून फार लांब नाही. सोळा गुंठ्यांची वाडी, नारळ आणि सुपारी, सुपारी म्हणजे आमची रोठा जातीची, खाणाऱ्याला विचारा. वाडीच्या समुद्राकडच्या अंगाला आजोबांच्या आधीपासूनची वई, म्हणजे झाडांचं कुंपण, होती, केतकीचं जंगल आणि त्यामागे सहा उंड्या. उंडी माहीत नसेल तर, समुद्राकाठचं झाड, पानं जाड, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही, बियांचं कडू तेल निघतं ते पूर्वी दिव्याला आणि होड्यांना वापरायचे. तर 2016 च्या दिवाळीआधी आमच्या दादाने घरगुती राहण्याजेवण्याची सोय सुरू केली, मागे तीन खोल्या बांधल्या आणि त्या खोल्यांतून समुद्र दिसावा म्हणून चार उंड्या आणि केतकी साफ केली. मी ठाण्याहून फोनवर भांडलो, तो म्हणाला, "लोक काय उंडी बघायला येतात का रे?" आई मधे पडली, विषय तिथेच राहिला.

मार्च 2020 ला लॉकडाऊनच्या आधी मी घरी येऊन अडकलो आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारची वेळ. आधी वारा डोंगराकडून होता, माडाच्या झावळ्या समुद्राकडे ओढल्यासारख्या, आम्ही सगळे मधल्या खोलीत, आईने देवासमोर निरांजन लावलं ते विझत होतं म्हणून वहिनी परत परत लावत होती. मग वारा पडला. एकदम. दादा म्हणाला गेलं बहुतेक आणि दार उघडून बाहेर बघायला गेला, मी पण गेलो, आणि मग तो उलटा समुद्राकडून आला. कौलं पत्त्यांसारखी उडाली. माड मुळासकट उपटला जातो त्याला वेळ लागतो, सुपारी तशी नाही, मधोमध काडकन मोडते, आणि दीडशे-दोनशे सुपारी एकामागून एक मोडताना जो आवाज येतो तो मला अजून दिवाळीत फटाक्यांची माळ लागली की ऐकू येतो, मुलांना वाटतं बाबा फटाक्यांना घाबरतात.

वीज दीड महिन्याने आली. नुकसानभरपाई सरकारने बागायतीला हेक्टरी 50,000 जाहीर केली. आता सोळा गुंठ्यांचा हिशोब तुम्हीच करा, आठ हजार, आणि सातबारावर नावं पाच, दोन काका, एक आत्या, दादा, मी. सुपारी लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. आत्या म्हणाली माझे सोळाशे आईच्या औषधाला ठेव.

मग मी एक उद्योग केला. करवत चालवायला माणसं मिळेपर्यंत आठवडा गेला, तेवढ्यात वही घेऊन वाडीत फिरलो आणि पडलेल्या प्रत्येक सुपारीचा शेंडा कुठल्या दिशेला आहे ते लिहिलं. शेंडा समुद्राकडे म्हणजे पहिल्या वाऱ्याने पडली, शेंडा डोंगराकडे म्हणजे दुसऱ्या. 171 पैकी 52 समुद्राकडे, 119 डोंगराकडे. आणि त्या 119 मधल्या बहुतेक सगळ्या दादाने जिथून समुद्र मोकळा केला त्याच्या बरोबर मागे, उरलेल्या दोन उंड्यांच्या आडोशाला पंधरा-वीस सुपाऱ्या तशाच उभ्या. वही दादापुढे ठेवली. तो म्हणाला, "ताशी शंभराच्या वर वारा होता, तुझी उंडी काय करणार होती, त्याला काय ओवाळणार?"

आता गंमत अशी की दादा हवामान बदल मानत नाही अशातला भाग नाही. माझ्यापेक्षा जास्त मानतो. छपरावर तीन किलोवॉटचं सोलर आहे, पाहुण्यांना कागदी स्ट्रॉ, दारात पाणी वाचवा पाटी, 5 जूनला पर्यावरण दिनी स्टेटसला झाड. म्हणून म्हणतो, "लोकांना समजावून सांगितलं की सुधारतील" हे मला पटत नाही. समजलेल्याच माणसाने उंडी तोडलीय.

एकट्याने काय करू शकतो विचारलंत तर सोलर करा, ते मात्र दादाचं बरोबर आहे. आपली वीज जवळजवळ पाऊण हिश्शाने अजून कोळशावर आहे, त्यामुळे बाटली स्टीलची की प्लॅस्टिकची यापेक्षा एसी किती तास आणि कुठल्या विजेवर याने फरक पडतो. तीन किलोवॉटला केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत 78,000 अनुदान आहे, दिवसाला दहा-बारा युनिट पडतात. विमान टाळता येत असेल तर टाळा. झाडं लावण्याआधी असलेली तोडू नका, आणि लावायचीच तर जिथली आहेत ती लावा, किनाऱ्यावर सरसकट सुरूचे वृक्ष लावून ठेवले होते ते निसर्गमध्ये किती झोपले ते आमच्याकडे येऊन कोणालाही विचारा. बाकी एकट्याने होण्यासारखं फार नाही. ग्रामसभेला जा, भांडा, आम्ही किनाऱ्यावरची केतकी तोडू नये असा ठराव मांडला, दुसऱ्या वेळी पास झाला.

"वादळं काय पूर्वीपण यायची, 48 साली आलं होतं" असं आमचे मोठे काका म्हणतात. आलं होतं ना. पण 2009 ला फयान, 2020 ला निसर्ग आणि वर्ष व्हायच्या आत मे 2021 ला तौक्ते. तौक्ते म्हणजे म्यानमारच्या भाषेत पाल म्हणे, नाव ऐकलं तेव्हाच मनात चुकचुकली होती. ते बाजूने गेलं तरी उभ्या राहिलेल्यांतले चार माड घेऊन गेलं.

हां, एक राहिलं. निसर्ग हवामान बदलामुळेच आलं असं एका वादळाबद्दल छातीठोक कोणी सांगू शकत नाही, समुद्र तापला की जोरदार वादळांची शक्यता वाढते एवढंच. आणि खरं सांगायचं तर शेजारच्यांची वई शाबूत होती, त्यांचीपण निम्मी वाडी गेली. निम्मी. आमची पाऊण गेली. दादाला हा फरक दिसत नाही, मला दिसतो.

त्या पावसाळ्यात मी उंडीची अकरा रोपं लावली. फार सावकाश वाढतात, आत्ता कुठे माझ्या डोक्यावर गेलीत. नऊच आहेत. दादा, तू हे वाचशील हे मला माहितीय, तीन नंबरच्या खोलीसमोरची दोन गुरांनी खाल्ली म्हणालास, पण गुरं मुळासकट उपटून खड्डा बुजवत नाहीत.