किटच्या लागरला कच्च्या सफरचंदाचा वास का येतो?

तुम्ही मूळचे पुण्याचे, सध्या मेलबर्नला. डब्याच्या किटपासून (तयार माल्टचा अर्क आणि यीस्टची पुडी) घरी केलेली लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली बिअर, दर वेळी पातळ होते आणि कच्च्या सफरचंदासारखी लागते, तर डबा बदलू का, असं विचारलंय. डबा राहू दे. मी बाणेरच्या एका मायक्रोब्रुअरीत बिअर करतो. तुमचं वर्णन वाचून मला शंका आली ती यीस्टची.

आपल्याकडे वैशाखात विरजण लावलं की बघता बघता आंबतं. यीस्टचंही तसंच, ऊब मिळाली की घाई करतं. डब्याच्या झाकणाखाली मिळणारी पुडी बहुतेकदा एलच्या, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरच्या, यीस्टची असते, तीही 5-7 ग्रॅमच. लागरला 10 ते 13 अंशांत काम करणारं यीस्ट हवं. सॅफलागर डब्ल्यू-34/70 घ्या. 23 लिटरला 11.5 ग्रॅमच्या दोन पुड्या. एखादा जुना फ्रिज मिळवा, त्याला थर्मोस्टॅट जोडा आणि त्याचा सेन्सर फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) अंगाला चिकटवा. आंबताना आतला रस हवेपेक्षा गरम असतो, त्यामुळे फ्रिजमधल्या हवेचा आकडा फसवतो.

पातळपणा साखरेमुळे. किलोभर साखरेऐवजी तेवढीच माल्ट एक्स्ट्रॅक्टची पावडर घाला.

आता सफरचंद. तो वास अ‍ॅसिटाल्डिहाइड या रसायनाचा. यीस्ट तो अर्ध्या वाटेवर तयार करतं आणि वेळ दिला तर स्वतःच संपवतं. तुम्ही सातव्या दिवशी बाटल्या भरता, तिथेच चुकतं. बुडबुडे मंदावले की तापमान 16-18 अंशांवर नेऊन तीन दिवस थांबा. आम्ही टाकीतून पेलाभर काढून तो कोमट करून हुंगतो. लोण्यासारखा वास आला तर यीस्टचं काम अजून संपलेलं नाही, आणखी दोन दिवस थांबा. हायड्रोमीटरचा (रसात किती साखर उरली ते दाखवणाऱ्या नळीचा) आकडा सलग तीन दिवस हलला नाही तरच पुढे जा, नाहीतर बाटल्या फुटतात. मग 0 ते 4 अंशांत चार आठवडे. जर्मनमध्ये लागर म्हणजे साठवणच.

पुण्यात परतल्यावर मात्र हे घरी करू नका. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवता येत नाही.

आता भरलेल्या बाटल्या ओतून देऊ नका. त्या आणखी तीन आठवडे फ्रिजबाहेर, सावलीत ठेवा. तळाशी उरलेलं यीस्ट सफरचंदाचा वास बराच कमी करेल.