एमएस्सीनंतर काही वर्षं कंपनीत काम केल्यावर पीएचडीकडे वळता येतं का?

तुम्ही विचारलंय की एमएस्सी केमिस्ट्रीनंतर चार वर्षं फार्मा कंपनीत क्यूसीला (औषधांच्या गुणवत्ता तपासणीला) गेली, तर आता पीएचडीला कुणी घेईल का, आणि मधली वर्षं आडवी येतील का. घेतात. मी याच वाटेने आले, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं एमएस्सी शिवाजी विद्यापीठातून, ऑरगॅनिकमध्ये. तेव्हाच संशोधनात जायचं होतं, पण धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं आणि घरी पगाराची गरज होती. कुरकुंभ एमआयडीसीत नोकरी धरली. काम एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर: सॅम्पल लावायचं, क्रोमॅटोग्राम (त्याचा आलेख) काढायचा, औषधाच्या मोठ्या पीकशेजारची, म्हणजे आलेखातल्या उंच टोकाशेजारची, अशुद्धींची बारीक पीक्स मोजायची.

एका औषधद्रव्याचं सॅम्पल औषध किती टिकतं ते पाहण्यासाठी ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या स्टॅबिलिटी चेंबरमध्ये ठेवलेलं होतं. त्यात एक नवंच पीक दिसलं आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत ते थोडं वाढलेलं असायचं. रोजचा डोस २ ग्रॅमपर्यंत असेल, तर साधारण ०.१० टक्क्यांच्या वर गेलेल्या अशुद्धीची रचना ओळखावी लागते, असं आयसीएच या औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आमचं पीक त्या रेषेच्या जवळ पोचलं होतं. पॅकिंग बदललं, हवेशी संबंध तोडला आणि ते खाली आलं. कंपनीच्या दृष्टीने विषय संपला, आणि उत्पादनाच्या जागी तेच योग्य होतं. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. हा रेणू कोणता? ऑक्सिजन नेमका कुठल्या कार्बनवर हल्ला करतो? शिफ्ट संपली की खोलीवर बसून मेकॅनिझम, म्हणजे ही अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते ते, मांडत राहायचे. आज माझं पीएचडीचं काम याच प्रकारच्या विघटनावर आहे.

पुढे नोकरी सोडून एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं. पैसे फार कमी आणि तेही उशिरा मिळायचे, पण टीवायला मेकॅनिझम शिकवता शिकवता नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निम्मा अभ्यास झाला. त्यात आधी फक्त लेक्चररशिप (प्राध्यापकपदाची पात्रता) मिळाली, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप नंतर. मधल्या काळात पुण्यात एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट होते. तिथे एलसी-एमएस आणि एनएमआर ही रेणूची रचना ओळखायची यंत्रं स्वतः हाताळायला मिळाली. जमलं तर असं काम जरूर करा. मार्गदर्शक कसा वागतो, मुलांना वेळ देतो का, हे आत राहिल्याशिवाय कळत नाही.

पीएचडीच्या मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल विचारलं, पण जाब विचारल्यासारखं नाही. मी तो पीकचा किस्सा सांगितला, तेव्हा एका सरांनी खडू हातात दिला आणि 'मेकॅनिझम काढा' म्हणाले. उरलेला सगळा वेळ त्यावरच गेला. क्यूसीत काम केलेल्या माणसाला मेथड व्हॅलिडेशन (तपासणीची पद्धत विश्वासार्ह आहे हे सिद्ध करणं) आणि काटेकोर नोंदी ठेवणं अंगवळणी पडलेलं असतं, आणि लॅबमध्ये त्याची खरोखर किंमत आहे. ही वर्षं तुमच्या अर्जात ठसठशीत लिहा, लपवू नका.

आता नियमांचं. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट आहे. २०२४ पासून जेआरएफ हुकलं तरी नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरता येतं. ते गुण एक वर्ष चालतात आणि निवडीत नेटला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के भार असतो. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० आणि वर घरभाडे भत्ता. कंपनीने ना हरकत पत्र दिलं तर अर्धवेळ पीएचडीही करता येते. पण सिंथेसिससारख्या (नवे रेणू बनवण्याच्या) विषयात ती फार ओढाताणीची होते, असं माझं मत आहे. घरची अडचण नसेल तर पूर्णवेळच या.

आणि मुलाखतीत कंपनीच्या बॅचचे आकडे किंवा उत्पादनाचं नाव सांगू नका, गोपनीयतेचा करार तुम्हीही केलेला असेल. मी तशाच रचनेचा, शोधनिबंधांत आधीच छापून आलेला रेणू घेऊन सगळं समजावलं होतं. तुम्हालाही तसा एखादा आत्ताच शोधून ठेवता येईल.