दुर्बीण नसताना ताऱ्यांच्या प्रकाशातले बदल खरंच मोजता येतात का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की २०२० मध्ये काक्षी (बीटलज्यूस, मृग नक्षत्रातला तांबडा तारा) मंद झाल्याची बातमी वाचल्यापासून उत्सुकता आहे. पण एवढे उपग्रह आणि मोठ्या दुर्बिणी असताना गच्चीवरून आपण पाहिलेलं कुणाला हवंय, आणि सुरुवात कुठल्या ताऱ्यापासून करायची?

मोजता येतात. मी चिपळूणला एका पतपेढीत कॅशियर आहे, खगोलशास्त्रातली कुठलीही पदवी नाही. पहिली दोन वर्षं माझ्याकडे एक वही, लाल कागद लावलेला टॉर्च आणि चष्मा एवढंच सामान होतं. नंतर १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घेतली. अजूनही तेवढंच आहे.

आधी मोजतात कसं ते सांगते, कारण ऐकून बहुतेकांना ही अंदाजपंचे गोष्ट वाटते. ताऱ्याच्या तेजाला आपण प्रत म्हणतो, आणि आकडा जितका मोठा तितका तारा मंद. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्याच्या आसपास ज्यांची प्रत बदलत नाही असे दोन तारे शोधायचे, एक त्याच्यापेक्षा थोडा उजळ, एक थोडा मंद. समजा उजळ २.९ चा आणि मंद ३.४ चा आहे. आपला तारा या दोघांच्या मध्ये नेमका कुठे बसतो ते ठरवायचं. उजळ ताऱ्यापासून पाचातले तीन भाग खाली वाटला, तर ३.२. झालं. तारीख, वेळ, आकडा, कुठले तारे तुलनेला घेतले ते लिहायचं आणि खाली यायचं. सरावाने चूक एकदोन दशांशांपर्यंत येते. जो तारा दोन, पाच किंवा आठ प्रतींनी बदलतो त्याच्यासाठी एवढी चूक चालते.

दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. तुलनेचे तारे साधारण सारख्याच उंचीवर हवेत, कारण क्षितिजाजवळ हवा प्रकाश खाते. आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही. जितकं बघाल तितका तो उजळ वाटत जातो. काक्षी तांबडी असल्याने तिच्या बाबतीत हे फार होतं.

तिसरं पथ्य मी चुकून शिकले, आणि खरं तर या उत्तरात मला तेच सांगायचंय. ययाति तारकासमूहात अल्गोल नावाचा तारा आहे. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतो आणि साधारण दहा तासांत पुन्हा होता तसा होतो. तो स्वतः फारसा बदलत नाही. त्याच्याभोवती फिरणारा मंद जोडीदार त्याच्यासमोर येतो, म्हणजे ते एक ग्रहणच असतं. हे सर्वप्रथम नीट मोजलं ते इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात, जॉन गुडरिक या १८ वर्षांच्या मुलाने, १७८२-८३ मध्ये. त्याला ऐकू येत नव्हतं. एखादा काळा गोळा मधे येत असावा ही शक्यताही त्यानेच मांडली. २१ व्या वर्षी तो गेला.

तर माझ्या पहिल्या नोव्हेंबरात मी अल्गोलच्या ग्रहणाची वेळ एका तक्त्यात पाहिली: २० वाजून ४० मिनिटं. म्हणजे रात्री पावणेनऊच्या आत. जेवण उरकून गच्चीवर गेले आणि साडेसातपासून दर वीस मिनिटांनी नोंद करत बसले. २.६, २.९, ३.१, ३.३. आकडे कसे सुंदर उतरत होते! पावणेनऊला खाली येऊन आईला सांगितलं की ग्रहण पाहिलं. रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठले, सहज म्हणून वर गेले, आणि अल्गोल ओळखूच येईना. आता खरोखर मंद होता. तक्त्यातली वेळ जागतिक होती, साडेपाच तास मिळवायचे राहिले होते. खरं ग्रहण दोन वाजून दहा मिनिटांनी. संध्याकाळी मी लिहिलेल्या चारही नोंदी पूर्ण तेजात असलेल्या ताऱ्याच्या होत्या. मी खोटं लिहीत नव्हते. मला तसा दिसत होता.

ती चार पानं मी फाडली नाहीत. पतपेढीत दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर जुळावी म्हणून नोट पुन्हा मोजता येते, आकडा मात्र वाकवता येत नाही. इथेही तसंच. तेच माझं तिसरं पथ्य: तेव्हापासून भाकीत आधी बघतच नाही. कालची नोंदही झाकून ठेवते.

आता कुणाला हवंय हा प्रश्न. बऱ्याच मोठ्या दुर्बिणींना काक्षीसारखा तेजस्वी तारा झेपत नाही, त्यांचे संवेदक दिपून जातात. बरेच उपग्रह एखाद्या भागाकडे काही आठवडे टक लावतात आणि पुढे सरकतात. पण तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा तारा एका फेरीला सुमारे ३३२ दिवस घेतो, डोळ्यांना सहज दिसणाऱ्या तिसऱ्या प्रतीवरून नवव्यापर्यंत जातो आणि परत येतो. १५९६ मध्ये डेव्हिड फॅब्रिशियसने त्याच्यातला बदल टिपला. अशा ताऱ्याचा स्वभाव कळायला शंभर-दोनशे वर्षांच्या नोंदी लागतात, आणि त्या बहुतेक हौशी माणसांनीच ठेवल्या आहेत. अमेरिकेत १९११ पासून यासाठी एक संघटना आहे, अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स. जगभरातून कुणीही तिथे नोंद पाठवू शकतं. हबल दुर्बीण स्फोटक ताऱ्यांकडे वळवण्याआधी या मंडळींना विचारलं गेलंय की तारा आत्ता शांत आहे ना, कारण ऐन स्फोटात पाहिलं तर उपकरणाला धोका होता. (मीराचं आपल्याकडे एक दुखणं आहे. त्याचा उजळ काळ दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकतो, त्यामुळे काही वर्षं तो बरोब्बर आपल्या पावसात अडकतो. कोकणात जून ते सप्टेंबर माझी वही कोरीच असते.)

परदेशातल्या लोकांचीच नावं ऐकून कंटाळा आला असेल तर राधा गोविंद चंद्र यांच्याबद्दल वाचा. बंगालमधल्या जेसोरला सरकारी खजिन्यात नोकरी, घरी तीन इंची दुर्बीण. १९१९ पासून १९५४ पर्यंत त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी त्या अमेरिकन संघटनेला पाठवल्या. काम पाहून तिकडून त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवण्यात आली, १९२६ मध्ये. फाळणीनंतर ते बारासातला आले तरी काम चालू राहिलं. दिवसभर सरकारी पैसे सांभाळून रात्री तारे मोजणारा हा माणूस मला कुठल्याही नामवंत शास्त्रज्ञापेक्षा जवळचा वाटतो, कारण उघड आहे. त्यांच्याही आधी, १८६७ मध्ये, मद्रास वेधशाळेतले साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी आर रेटिक्युली या ताऱ्याचा बदल शोधला होता.

काक्षीबद्दल. एरवी ती ०.५ प्रतीच्या आसपास असते. २०१९ च्या हिवाळ्यात उतरायला लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ ला पोचली, म्हणजे मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सएवढी. जानेवारीच्या शेवटी माझी नोंद १.५ ची आहे. त्या दिवसांत ‘आता फुटणार’ अशा बातम्यांचा पूर आला होता. पुढे संशोधकांनी दाखवलं की ताऱ्याने पृष्ठभागावरचा एक मोठा लोट बाहेर फेकला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आपल्या बाजूला आडवी आली. मला विचाराल तर स्फोटापेक्षा हेच जास्त चित्तवेधक आहे: एवढा अवाढव्य तारा, आणि त्याच्याच राखेने झाकला गेला.

हेच काम वारंवार करणारा एक तारा उत्तर मुकुट तारकासमूहात आहे, आर कोरोना बोरिअलिस. एरवी सहाव्या प्रतीचा, द्विनेत्रीतून लगेच सापडतो. मग कधीतरी, काही पूर्वसूचना न देता, तो काजळी सोडतो. अक्षरशः काजळी, कार्बनचे कण. काही आठवड्यांत चौदाव्या प्रतीपर्यंत बुडतो. २००७ मध्ये बुडाला तो कित्येक वर्षं वर आला नाही. त्याच मुकुटात टी कोरोना बोरिअलिस आहे, जो १८६६ आणि १९४६ मध्ये भडकून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीला आला होता. एरवी तो दहाव्या प्रतीचा, माझ्या द्विनेत्रीला न दिसणारा. तरीही मुकुट आकाशात असेल त्या प्रत्येक रात्री मी त्याची नोंद करते: ‘८.५ पेक्षा मंद’. न दिसल्याची नोंदही संघटना घेते. उद्या भडकला तर आदल्या रात्री तो शांत होता हे कुणीतरी लिहिलेलं असावं लागतं.

सुरुवात मात्र अल्गोलपासून करू नका. त्याची ग्रहणं निम्मी दिवसा जातात, आणि शेजारचा ऱ्हो पर्सेई हा तारा स्वतःच रूपविकारी असल्याने नवख्याला तुलनेत फसवतो. तुम्ही डेल्टा सेफेई घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी उत्तरेला शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एमसारखा आकार दिसतो, त्याच्या पश्चिमेला वृषपर्वा हा तारकासमूह. (शर्मिष्ठा, तिचे वडील वृषपर्वा, देवयानी आणि ययाति, महाभारतातलं ते सगळं भांडण एकाच बाजूला मांडून ठेवलंय.) वृषपर्व्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे: झीटा ३.४, एप्सिलॉन ४.२, आणि तिसरा डेल्टा, जो ५ दिवस ९ तासांत ३.५ ते ४.४ असा हिंदकळतो. तुलनेचे दोन्ही तारे अगदी शेजारी, उंचीचा गोंधळ नाही. हाही गुडरिकनेच शोधला, १७८४ मध्ये. हा तारा खरोखर फुगतो आणि आकसतो. याच जातीच्या ताऱ्यांवरून हेन्रिएटा लेविट या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ बाईंनी १९१२ मध्ये आवर्तकाल (एका फेरीला लागणारा वेळ) आणि मूळ तेज यांचं नातं मांडलं, आणि त्या नात्याच्या जोरावर पुढे देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या किती बाहेर आहे ते कळलं.

गावात दिवे फार असतील तर ४.२ चा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, कुणाची तरी द्विनेत्री मागून आणा. पंधरा-वीस रात्रींच्या नोंदी झाल्या की ५ दिवस ९ तासांच्या पट्टीवर त्या एकावर एक रचा. चढ उभा आणि उतार लांबट आला तर तारा बरोबर धरलाय. आला नाही तर आधी वेळ तपासा, साडेपाच तासांचं लक्षात आहे ना.