हळदीच्या पैशात डोमेनची नावं घ्यावीत का?

वसमतहून एका वाचकाने लिहिलंय: "सर, वय 31. वडिलांसोबत पाच एकर शेती आहे, घरीच हळद पावडरची छोटी चक्की आहे. यंदाची हळद विकून 4 लाख हाती आले. मित्र म्हणतो, डॉट शॉप, डॉट स्टोअर अशी प्रीमियम डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची नावं, घेऊन ठेव, दोन-तीन वर्षांत दसपट होतील. हळद-मसाल्याची तीन इंग्रजी नावं पाहिली आहेत, प्रत्येकी 60 हजार. पीककर्जाचे 1 लाख 20 हजार भरायचे बाकी आहेत. घेऊ का?"

तीन नावं घेऊ नका. आधी कर्ज भरा. आता कारण सांगतो.

तुम्ही नावाची किंमत कळवली, पण दरवर्षीचं रिन्यूअल किती ते पत्रात कुठंच नाही. सगळी गोम तिथंच आहे. डोमेन कुणी कायमचं विकत घेत नाही, ते भाड्यानं घेतो. भाडं चुकलं की ठरावीक मुदतीनंतर नाव हातून जातं. साध्या डॉट इन नावाचं वर्षाचं भाडं हजाराच्या आतबाहेर असतं. पण शेपटी, म्हणजे नावामागचं डॉट शॉप किंवा डॉट स्टोअर, चालवणारी कंपनी ज्या नावांवर 'प्रीमियम' शिक्का मारते, त्यांतल्या अनेकांचं रिन्यूअलही प्रीमियमच असतं. कधी ते पहिल्या वर्षाइतकंच, म्हणजे तुमच्या बाबतीत दरवर्षी 60 हजार.

आपण जरा दयाळूपणे धरू, की प्रत्येकी 20 हजारच आहे. तीन नावांचे पहिल्या वर्षी 1 लाख 80 हजार, मग चार वर्षं 60-60 हजार. झाले 4 लाख 20 हजार. वर 18 टक्के जीएसटी धरला तर 5 लाखांना टेकलात. हातात आहेत 4.

तुम्ही म्हणाल, हळद साठवली तरी गोदामाचं भाडं लागतंच. लागतं. पण हळदीला मोंढा आहे. पोतं आडतीवर नेलं, बोली झाली, काट्यावर वजन झालं, पट्टी हातात आली. भाव पडला असेल, पण गिऱ्हाईक असतं. 2023 मध्ये हळद कशी चढली ते तुम्हाला मी काय सांगणार! थांबलेल्याला तेव्हा फळ मिळालं, कारण माल केव्हाही निघणारा होता. डोमेनला मोंढा नाही. ते विशिष्ट नाव हवं असलेला एक माणूस कधीतरी उगवावा लागतो. शंभर नावं बाळगून वर्षाला एक-दोन विकली गेली तरी या धंद्यातले मुरलेले लोक बरं चाललंय म्हणतात. तुम्ही तिनावर बसणार. शिवाय विकलंच तर विक्रीच्या साइटची दलाली वेगळी, ती आपल्या आडतीपेक्षा कितीतरी जड.

मित्राचं सगळंच खोटं नाही. गूगलच्या मूळ कंपनीनं 2015 मध्ये आपला पत्ता एबीसी डॉट एक्सवायझेड ठेवला, तेव्हा नव्या शेपट्यांना वजन आलं. डॉट एआयला तर आज तुफान मागणी आहे. ती शेपटी अँग्विला नावाच्या कॅरिबियन बेटाची. 2023 मध्ये त्या चिमुकल्या बेटाच्या सरकारला तिच्यातून सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलर मिळाले. इथं थांबून बघा, खात्रीचा पैसा कुणाला झाला? शेपटीच्या मालकाला. तुमच्या डॉट शॉपचा हक्क एका जपानी कंपनीनं 2016 च्या लिलावात 4 कोटी 15 लाख डॉलर मोजून घेतला. ती रक्कम कुणाकडून तरी वसूल व्हायचीच, आणि तो कुणीतरी दरवर्षी रिन्यूअल भरत असतो. डॉट कॉमचा घाऊक दर किती वाढवायचा याला करारानं मर्यादा आहे, या नव्या शेपट्यांना तशी नाही.

आणखी एक. एखाद्या मसाला ब्रँडचं नाव आत घुसवू नका. मूळ मालक तक्रार करून नाव काढून घेऊ शकतो, पैसे परत मिळत नाहीत. 'वसमत हळद' या नावालाही भौगोलिक मानांकन आहे. तुम्ही तिथलेच, तुमचा माल खरा, तो तुम्ही रीतसर नोंदणी करून त्या नावानं विकावा. नाव अडवून परक्याला विकणं ही मात्र भांडणाची वाट.

आता 4 लाखांचं. पीककर्ज मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. मुदत हुकली की ती सवलत जाते. ते 1 लाख 20 हजार याच आठवड्यात भरून टाका. 1 लाख 50 हजार बँकेत मुदत ठेवीत, आजारपणाला आणि पुढच्या बेण्या-खताला. 1 लाख चक्कीत घाला: पॅकिंग, लेबल, खाद्य परवाना. तुमच्या पावडरच्या नावानं एक साधं डॉट इन घ्या आणि त्यावर ऑर्डरी घ्या.

उरले 30 हजार. हौस फिटत नसेल तर त्यातून एकच नाव घ्या, ज्याचं रिन्यूअल साध्या दरानं आहे असं. विकणाऱ्याला ईमेलवर विचारा: "दुसऱ्या वर्षापासून जीएसटीसह नेमके किती भरायचे?" आकडा लेखी आला नाही, तर पैसे पाठवू नका.