वाचकांचे प्रश्न: गोळी की केमोथेरपी?

प्रश्न: माझे वडील ७४ वर्षांचे असून आम्ही जिंतूर तालुक्यात शेती करतो. खोकला हटेना म्हणून त्यांना दोन महिन्यांपासून क्षयरोगाची औषधे चालू आहेत. मध्यंतरी छातीत पाणी झाले, ते तपासल्यावर फुफ्फुसाचा कर्करोग, ॲडेनोकार्सिनोमा, चौथी अवस्था, असे निदान झाले. वजन ४८ किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.० आहे. जनुकीय तपासणीच्या अहवालाला आणखी बारा दिवस लागतील. या वयात केमो झेपणार नाही, सरळ गोळी सुरू करा, असे भावकीतले सगळे म्हणतात. डॉक्टर मात्र थांबायला सांगतात. वडिलांना आजाराचे नाव सांगितलेले नाही. काय करावे?

उत्तर: बारा दिवस थांबावे, असेच मीही सांगेन. धाप झपाट्याने वाढू लागली, तर अहवालाआधी केमोचा एक डोस द्यावा का, हे डॉक्टर ठरवतील. पण अहवालाशिवाय गोळी सुरू करू नये.

गोळी म्हणजे म्हाताऱ्या माणसासाठीची सौम्य केमो, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. गेफिटिनिब, एर्लोटिनिब किंवा ऑसिमर्टिनिब ही गोळीच्या रूपातली औषधे ईजीएफआर नावाच्या जनुकात ठरावीक बदल झालेल्या गाठीवरच नीट काम करतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पूर्व आशियातील एका मोठ्या अभ्यासात, ज्यांच्या गाठीत हा बदल होता त्यांच्यापैकी ७१ टक्के रुग्णांची गाठ गेफिटिनिबने आक्रसली आणि केमोने ४७ टक्के रुग्णांची. ज्यांच्यात बदल नव्हता त्यांच्यात मात्र गोळीने जेमतेम एक टक्का, तर केमोने सुमारे २३ टक्के. म्हणजे बदल नसताना केवळ वयाकडे पाहून गोळी दिली, तर वडिलांच्या हातातले मोलाचे महिने निघून जातील.

बदल सापडला, तर वय आड येत नाही. गोळी ८० वर्षांच्या रुग्णालाही देता येते. मात्र आपण लिहिलेली एक गोष्ट मला अस्वस्थ करते. क्षयरोगाच्या औषधांतले रिफाम्पिसिन या गोळ्यांचे रक्तातले प्रमाण बरेच खाली आणते. त्यामुळे ती औषधे मनाने बंद न करता पाकिटांसकट कर्करोगतज्ज्ञांपुढे ठेवावीत आणि थुंकीत क्षयरोगाचे जंतू खरोखर सापडले होते का, हे विचारावे. पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेत असतील, तर तेही सांगावे, कारण पोटातले आम्ल कमी झाले की गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब नीट शोषले जात नाहीत.

बदल सापडला नाही, तरी केमोचे दार बंद होत नाही. फ्रान्समध्ये ७० ते ८९ वर्षे वयाच्या ४५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केमोची दोन औषधे एकत्र दिलेल्या गटातले निम्मे रुग्ण १०.३ महिन्यांहून अधिक जगले, तर एकाच औषधाच्या गटातले निम्मे ६.२ महिन्यांहून अधिक. त्रासही दोन औषधांच्या गटात अधिक झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून वयाच्या आकड्यापेक्षा माणूस कसा आहे, हे पाहावे लागते. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचाराचा, पर्यायही काही जणांना लागू पडतो, त्यासाठी गाठीची वेगळी तपासणी करतात.

क्रिएटिनिन १.० पाहून घरचे निश्चिंत होतात. पण १४० मधून वय वजा करून उरलेल्या ६६ ला ४८ किलोंनी गुणले आणि ७२ ने भागले, की मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ४४ मिलिलिटर इतकीच येते. अंगावर मांस कमी असले की क्रिएटिनिनही कमी दिसते. केमोच्या औषधांपैकी सिस्प्लॅटिन या आकड्यावर सहसा टाळतात, पेमेट्रेक्सेडचा विचार जपून करावा लागतो आणि कार्बोप्लॅटिनची मात्रा याच हिशेबाने बसवतात. वडील शेतापर्यंत चालत जातात का, आंघोळ स्वतः करतात का, सहा महिन्यांत वजन किती उतरले, गेल्या वर्षभरात पडले होते का, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

खर्चाबाबत, ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कोणते औषध त्यात बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याला तुलनेने जवळ आहे.

वडिलांना आजार सांगावा, असे मला मनापासून वाटते. घरापासून दूर किती दिवस राहायचे, किती त्रास सोसायचा, हे त्यांना विचारल्याशिवाय कोणी कसे ठरवणार? एकदम सगळे सांगू नका. त्यांना किती जाणून घ्यायचे आहे, ते आधी विचारा.

केमो सुरू झाली, तर घरात थर्मामीटर आणून ठेवावा. ताप १००.४ अंशांवर गेला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. गोळी चालू असताना जुलाब थांबेनात किंवा अचानक दम लागू लागला, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.