आमचे काही अडले नाही

आपण विचारले आहे की आपल्या देशाच्या राजकारणापुढची आणि समाजापुढची सर्वांत मोठी समस्या कोणती, आणि प्रश्नासोबतच भ्रष्टाचार, जातीयवाद, बेरोजगारी आणि धार्मिक तेढ असे चार पर्यायही दिले आहेत. चारही खरे आहेत आणि त्यांपैकी एकालाही मी लहान म्हणणार नाही. पण या चारांवर काही इलाज करायचा तर जाब विचारणारा माणूस आणि जाब देणारा माणूस असे दोघे समोरासमोर असावे लागतात, आणि ती जोडीच मोडली आहे असे माझे मत आहे. ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते अशा आमच्यासारख्यांचे सार्वजनिक व्यवस्थेवाचून अडेनासे झाले आहे, आणि ज्यांचे पदोपदी अडते त्यांच्या तक्रारीला कोणी विचारत नाही. मी पुण्यात राहते, त्यामुळे उदाहरणे पुण्याचीच देते.

पुणे महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली तीन वर्षे दहा महिने या शहरात एकही नगरसेवक नव्हता. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरवून दिली आहे आणि ती संपण्याआधीच नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे स्वच्छ शब्दांत म्हटले आहे. विलंबाला कारणे होती, नव्हती असे नाही: इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये घातलेल्या तीन अटी, प्रभागांची रचना कोणी करायची यावरचा वाद, सरकार बदलले की बदलणारी सदस्यसंख्या आणि या सगळ्यावरच्या याचिका. अखेर मे २०२५ मध्ये न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले आणि तेही पुढे जानेवारी २०२६ अखेरपर्यंत लांबले. मुंबईची कथाही अशीच आहे. नवी मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, यांची मुदत तर २०२० मध्येच संपली होती.

त्यातच मार्च २०२३ मध्ये पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचे निधन झाले. रिक्त जागा सहा महिन्यांत भरावी असे कायदा सांगतो आणि लोकसभेची मुदत वर्षाहून अधिक शिल्लक होती, तरी पोटनिवडणूक झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगाला ती ताबडतोब घेण्याचा आदेश दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि जून २०२४ मध्ये नवी लोकसभा आली तेव्हाच पुण्याला खासदार मिळाला. म्हणजे चौदा महिने या शहराला ना नगरसेवक होते ना खासदार. विद्येचे माहेरघर, सांस्कृतिक राजधानी, पेन्शनरांचे शहर, वृत्तपत्राच्या संपादकाला पत्र लिहिण्यात ज्याचा हात कोणी धरू शकत नाही असे हे गाव. आणि एवढे होऊन रस्त्यावर एक धड मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही.

का निघाला नाही, याचे उत्तर मला आमच्या सोसायटीच्या टँकरच्या नोंदवहीत सापडले. मी तीन वर्षे सोसायटीची सचिव होते. शहराच्या हद्दीला लागून असलेल्या उपनगरात आमच्या चार इमारती आहेत, आणि नळाला येणारे पाणी खालच्या टाकीच्या तळाला जेमतेम लागते. बाकीचे टँकरने येते. गेटवरच्या टेबलावर एक लांबट वही असते. तीत टँकर आल्याची वेळ, गाडीचा क्रमांक, पावतीचा क्रमांक आणि रखवालदाराची सही असे रकाने असतात, आणि उन्हाळ्यात एका दिवसाला एक पान पुरत नाही. एकदा वार्षिक हिशेब जुळवताना मी प्रत्येक सदनिकेमागचा टँकरचा खर्च मिळकतकराच्या पावतीशेजारी ठेवून पाहिला, तर टँकरचा आकडा मोठा निघाला. समितीतील कोणालाही त्याचे आश्चर्य वाटले नाही. टँकर चाळीस मिनिटे उशिरा आला की व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेशांचा पाऊस पडतो, लोक सचिवाला फोन करून झोपेतून उठवतात; पण ज्या दिवशी महापालिकेची मुदत संपली त्या दिवशी त्या गटावर त्याविषयी एकच संदेश आला होता: ‘बरे झाले, वाढदिवसाचे फ्लेक्स तरी कमी लागतील.’ त्याखाली अंगठ्यांची रांग होती, आणि खोटे कशाला सांगू, त्यांत एक अंगठा माझाही होता.

पाण्याला टँकर, विजेला जनरेटर, मुलांना खासगी शाळा, आजारपणाला विमा, दाराशी स्वतःचा रखवालदार, आणि बस येत नाही म्हणून घरटी दोन दुचाक्या. प्रत्येक वेळी आम्ही पैसे मोजून एकेक गोष्ट सार्वजनिक व्यवस्थेतून काढून घेतली आणि प्रत्येक वेळी ते शहाणपणाचेच होते, कारण तहानलेल्या माणसाला घटनादुरुस्ती सांगून भागत नाही. या प्रत्येक शहाणपणाबरोबर नगरसेवकाला भीती वाटावी असा एक मतदार कमी होत गेला, हे मात्र आम्ही कोणत्याही वहीत लिहिले नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे मात्र अडले. त्यांना आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा होता, कारण घरमालकाने खोली सोडायला लावली होती आणि नव्या जागेचा भाडेकरार नव्हता. अशा वेळी चालणाऱ्या प्रमाणपत्राचा एक ठरावीक नमुना असतो. त्यावर खासदार, आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकारी यांची सही लागते. पूर्वी मावशी अशा कामाला संध्याकाळी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन बसत. तिथला मुलगा त्यांना नावाने ओळखत असे आणि दुसऱ्या दिवशी सही-शिक्का मिळे. ‘आता कोणाकडं जायचं ताई?’ असे त्यांनी मला विचारले तेव्हा मला पहिल्यांदा कळले की नगरसेवक नसणे म्हणजे काय. नगरसेवक नव्हते, खासदार नव्हते, आमदारांच्या कार्यालयात रांग होती, आणि राजपत्रित अधिकारी शोधायला त्यांनी कामाचे तीन खाडे केले. एका कार्यालयात त्यांना, ओळखीचे कोणी असेल तर घेऊन या, असे सांगण्यात आले. ते ओळखीचे माणूस म्हणून शेवटी मी गेले, आणि काम दहा मिनिटांत झाले. ही गोष्ट मी अभिमानाने सांगत नाही, कारण मी मावशींबरोबर गेले ती नागरिक म्हणून नव्हे, वशिला म्हणून.

याहून गंभीर गोष्ट शहराच्या कडेला घडली. जुलै २०२१ च्या सुमारास २३ गावे महापालिकेत आली. त्यांच्या ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, आणि आठ-नऊ महिन्यांत महापालिकेचीच मुदत संपली. म्हणजे तेथील लोकांना साडेचार वर्षे ना सरपंच होता ना नगरसेवक. कर भरायला महापालिका होती, मत द्यायला कोणी नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस, म्हणजे हातापायांतील ताकद काढून घेणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला, तो प्रामुख्याने सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत. पुणे परिसरात रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि संशय दूषित पाण्यावर होता. यांतील नांदेड आणि किरकटवाडी ही त्या २३ गावांपैकीच आहेत. खडकवासला धरणाच्या सावलीत ही वस्ती आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांचे मिळून २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट, पाणी उशाशी आहे. नगरसेवक असते तर उद्रेक टळला असता असा दावा मी करत नाही. पण पाण्याला वास येतो ही तक्रार घेऊन ज्याच्या दारात जाऊन बसावे आणि पुढच्या निवडणुकीत ज्याला ती आठवण करून द्यावी असा माणूसच तिथे नव्हता. आमच्या गटावर त्या आठवड्यात चर्चा झाली ती कोणत्या कंपनीचे शुद्धीकरण यंत्र घ्यावे याची.

सभागृह नसताना महापालिकेचा कारभार पाहणारे सरकारी अधिकारी, म्हणजे प्रशासक, अप्रामाणिक असतात असे मला म्हणायचे नाही. काहींनी कामे चांगली केली. पण प्रशासकाच्या राजवटीत प्रस्ताव ठेवणारा, स्थायी समिती म्हणून त्याला मंजुरी देणारा आणि सर्वसाधारण सभा म्हणून पुन्हा तोच मंजूर करणारा असा एकच अधिकारी असतो. १२ हजार कोटींवरचे अंदाजपत्रक या रीतीने मंजूर होते, आणि ‘माझ्या भागातील गटाराचे काय’ असे सभागृहात ओरडणारे कोणी नसते. तो आरडाओरडा आपल्याला हास्यास्पद वाटतो, टीव्हीवर पाहून आपण मान हलवतो. पण मावशींच्या गल्लीतील गटार त्याच आरडाओरड्याने साफ होत असे.

या शहराला हे कळत नव्हते असे नाही. १८७० साली पुण्यात लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा ही संस्था स्थापन झाली तेव्हा सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान ५० माणसांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे ‘मी यांच्या वतीने बोलतो’ हे दाखवल्याशिवाय बोलण्याचा अधिकारच नव्हता. गणेश वासुदेव जोशी यांना लोक सार्वजनिक काका म्हणू लागले ते याच सभेमुळे. त्याच्या दोन वर्षे आधी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता, आणि पुढे नगरपालिकेचे सदस्य असताना व्हाइसरॉयच्या स्वागतावरील खर्चाला त्यांनी विरोध केला होता. त्या काळातही सार्वजनिक या शब्दातून कोण वगळले जात होते हे फुल्यांना सभेच्या पुढाऱ्यांपेक्षा अधिक नेमके ठाऊक होते, हेही सांगायला हवे. तरी पाणी हा चार भिंतींच्या आत सोडवायचा प्रश्न नाही, एवढे त्यांच्या हौदाने सांगून ठेवले होते. आज आमच्या टाकीला कुलूप आहे.

निवडणूक झाली, आता प्रश्न सुटला, असे आपण म्हणाल. मतदानाच्या दिवशी मी आणि मावशी योगायोगाने एकाच शाळेत रांगेत होतो. या वेळी बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते, त्यामुळे प्रत्येकाला चार मते द्यायची होती. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले की आता पाण्याचे कोणाला सांगायचे, चौघांतल्या कोणाला? मला सांगता आले नाही. प्रभागाचा विस्तार असा की जिल्ह्यातील एखाद्या नगरपरिषदेचे गाव त्यात सहज मावावे, आणि चार नगरसेवकांनी एकमेकांकडे बोट दाखवावे अशी सोय रचनेतच करून ठेवलेली. नगरसेवक एक असावा, दोन, तीन की चार, हे मतदाराच्या सोयीने ठरल्याचे मी कधी ऐकलेले नाही. ते सत्तेतील पक्षाच्या गणिताने ठरते. कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे, म्हणजे चार-दोन मतदान केंद्रांच्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाची कामे सुचवायची. मी तीस वर्षे पुण्यात आहे. अशा सभेची नोटीस मला अद्याप आलेली नाही, आणि ती का आली नाही असे मीही कोणाला विचारलेले नाही.

यंदा सोसायटीच्या सभेपुढे मी एक विषय ठेवला: शेजारच्या सात सोसायट्या आणि मागची वस्ती मिळून जलवाहिनीसाठी एकच अर्ज करायचा आणि तो घेऊन चारही नगरसेवकांकडे एकत्र जायचे. वस्तीचे नाव निघताच एका सद्गृहस्थांनी विचारले, ‘त्यांना यात कशाला घ्यायचे? त्यांचे पाणी तर आपल्या आधी येते.’ तोवर गणसंख्या भरलेली नव्हती. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून आहेत तेवढ्या सभासदांत सभा पुन्हा सुरू झाली. माझा विषय पुढच्या सभेवर गेला, आणि दुसरा टँकरवाला नेमण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त मीच लिहिले.