अग्निवीर म्हणून निवड झालीय, दोन महिन्यांनी बेळगावला रिपोर्टिंग. मुंबईत राहून शरीर कसं तयार करू?

अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. माझा पोरगा तुझ्याच वयाचा आहे.

भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढलेस आणि दहा बीम (पुल-अप्स) मारून 40 पैकी 40 घेतलेस, असं लिहिलंयस. म्हणजे दमाची काळजी नाही. मला काळजी वाटते ती तुझ्या नडग्यांची. कारण पुढे लिहितोस की वरळी सी फेसला रोज 10 किलोमीटर धावतोस, एकही सुट्टी न घेता.

हेच मी केलं होतं. 1996 साल, राहायला लालबागला. पहाटे फुटपाथवरून दादरपर्यंत जायचं आणि यायचं, पायात झिजलेले कॅनव्हास. लष्कराच्या ट्रेनिंग सेंटरला पोहोचलो आणि चौथ्याच आठवड्यात डाव्या नडगीत बारीक फ्रॅक्चर. माझी तुकडी पुढे गेली, मी मागच्या बॅचला. एमआय रूमच्या, म्हणजे तिथल्या दवाखान्याच्या, बाकावर बसून ग्राउंडवरचे बुटांचे आवाज ऐकत होतो. उस्तादांचा, म्हणजे शिकवणाऱ्यांचा, काही दोष नव्हता, पाय मी घरूनच अर्धा मोडून नेला होता.

दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो. हाडाचं तसं नाही. भार वाढला की ते आधी थोडं झिजतं, मग नव्यानं भरतं, आणि भरायला महिने घेतं. मधल्या काळात ते कच्चं असतं. सेंटरला तर दिवसभर पाय चालूच. पीटी, ड्रिल, जेवायला पळत, क्लासला पळत, वर रगडा, म्हणजे शिक्षेचा व्यायाम, लागला तर तोही.

म्हणून आठवड्यातून चारच दिवस धाव, आणि तेही मातीवर. शिवाजी पार्कात कट्ट्याच्या बाहेरून पळू नकोस, आत मैदानात पळ. चारपैकी एक दिवस लांब आणि सावकाश, एक दिवस 400 मीटरच्या वेगवान फेऱ्या. उरलेल्या दिवसांत एकदा जुन्या दप्तरात 5 किलो तांदूळ भरून बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून कान्हेरीचा चढ चालून ये. चालूनच, पळायचं नाही. वजन आठवड्याला एखाद्या किलोनं वाढव.

रोज रात्री एक तपासणी कर. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वर-खाली ने. लांब पट्टाभर ठणकत असेल तर ओढलेले स्नायू, दोन दिवस आराम कर. रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ आली तर धावणं बंद आणि हाडांचा डॉक्टर गाठ. 'अंगावर काढू' हा विचार मीही केला होता.

जिमच्या बेंच प्रेसचा तिथे फारसा उपयोग नाही. जोर, बीम आणि दोरी यांचा होतो. पार्कातल्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब चालतो, जमलं तर दोरीवर हात बसवून घे. जिममधल्या कुणी इंजेक्शन सुचवलं तर नमस्कार करून बाहेर पड.

खाण्याचं फार लिहीत नाही, तुझ्या आईला कळतं. नाचणीची भाकरी, अंडी, उसळ, आणि काट्यासकट खाता येणारी मांदेली. एकदा रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घे, चाळीत आणि लोकलमध्ये ऊन कुठे लागतं आपल्याला? झोपेची सवय मात्र आजपासून लाव. साडेनऊला मोबाइल बंद, साडेचारला उठायचं. मुंबईच्या पोरांना पहिल्या आठवड्यात धावण्यापेक्षा हेच जास्त जड जातं.

चामड्याचे जाड बूट मिळाले तर लोकरीचे मोजे घालून रोज अर्धा तास घरात वावर. टाच कुठे घासते ते इथेच कळेल. शेवटच्या आठवड्यात धावणं निम्म्यावर आण. आणि निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं सरळ काप, कोपरे गोल करू नकोस, नाहीतर ती बुटात मांसात रुततात.